गोधडीसाठी चौकोन शिवताय? या चुका टाळा

दसरा जवळ आला की आमच्या गटाकडे चौकोनांच्या पिशव्या यायला लागतात. कुणी शिंप्याकडच्या कतरणींचे शिवलेले, कुणी आईच्या जुन्या लुगड्यांचे. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बीडकडची ऊसतोड कुटुंबं लेकराबाळांसह कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर उतरतात, आणि ती लेकरं ऐन थंडी कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, जमिनीवर निजून काढतात. या गोधड्या त्यांच्यासाठी. आडवे तीन, उभे चार असे बारा इंची चौकोन जोडले की 36 बाय 48 इंचांची गोधडी होते. चार-पाच वर्षांच्या पोराला ती पुरते.

शिवणाऱ्या मनापासून शिवतात, यात शंका नाही. पण दरवर्षी त्याच त्या चुका येतात आणि जोडणाऱ्यांचे दिवस उसवण्यात जातात. तेवढ्या वेळात आणखी गोधड्या झाल्या असत्या, म्हणून हे लिहिते आहे.

माया अंदाजाने धरणं

सगळ्यात जास्त नासधूस इथे होते. आमचा नेहमीचा चौकोन नऊ तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा साडेचार इंच कापायचा आणि सगळीकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच माया (शिवणीबाहेर राहणारी कापडाची कड) धरून शिवायचा. तीन तुकडे मिळून साडेतेरा इंच. जोडाच्या चार कडांमध्ये एक इंच गेला, उरले साडेबारा. बाहेरच्या कडांची माया पुढच्या जोडणीत जाते आणि गोधडीत नेमके बारा इंच दिसतात.

आता प्रत्येक कडेला फक्त अर्धा सूत जास्त धरा. चार कडांचे दोन सूत झाले, चौकोन आला सव्वाबारा. दुसरीने अर्धा सूत कमी धरलं, तर तिचा पावणेतेरा. हे दोन शेजारी बसवायचे म्हणजे एक ताणायचा आणि दुसऱ्याला चुण्या पाडायच्या. शेवटी मोठा कापावा लागतो, लहान उसवावा लागतो.

ब्लाउज शिवणाऱ्या सराईत बायकाही इथे चुकतात, कारण पुढे ढिलं करता यावं म्हणून भरपूर माया ठेवायची त्यांच्या हाताला सवय असते. काही जणी प्रेशर फुटाच्या, म्हणजे मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या, कडेवर भरवसा ठेवतात. ती कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही. मशीनगणिक फरक पडतो. मी सुईपासून टेपने दोन सूत मोजते आणि मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावते. कापडाची कड त्या पट्टीला लागून सरकत गेली की झालं. आणि पहिला चौकोन शिवून झाला की लगेच मोजा. बारा शिवून मग मोजलेत तर बाराही उसवाल.

कापतानाची चूकही याच घरातली. पहिला तुकडा मापाने कापायचा, दुसरा त्यावर ठेवून, तिसरा दुसऱ्यावर ठेवून. दर वेळी कात्री जरा बाहेरून जाते आणि शेवटचा तुकडा भलताच मोठा निघतो. पुठ्ठ्याचं मापही वापरून वापरून कडेला झिजतं. मी सुताराकडून प्लायवूडचा साडेचार इंची चौकोन कापून आणला आहे, प्रत्येक तुकडा त्याच्यावरूनच आखते. चार पदर एकत्र कापून वेळ वाचतो असं वाटतं, पण साध्या कात्रीने खालचा पदर हमखास सरकतो. दोनच्या वर पदर घेऊ नका.

कोरं कापड न धुता वापरणं

तयार गोधडी देण्याआधी आम्ही ती एकदा धुतोच. एका वर्षी अशीच एक बादलीत घातली आणि थोड्याच वेळात पाणी कुंकू कालवल्यासारखं झालं. एका चौकोनात तांबड्या खणाचे तुकडे होते. त्याच्या शेजारचे चौकोन एका आजींनी हातशिलाईने केलेले, यजमानांच्या मागे राहिलेल्या पांढऱ्या सदऱ्यांचे. आम्ही गोधडी वाळू दिली नाही. पाणी बदलत, साबणात भिजवत धूतच राहिलो. तांबडं पाणी येणं थांबलं, पण सदऱ्यांवर चढलेला गुलाबी रंग उतरला नाही. थर एकत्र धरणारे भरणीचे धावदोरे उसवून खणाचा चौकोन काढला, दुसरा बसवला. आजींचे चौकोन तसेच गुलाबी राहिले. त्यांना दुसरे सदरे कुठून आणून देणार होतो? ज्यांनी खण पाठवला होता त्या म्हणाल्या, "अहो, कापड कोरं होतं, धुवायचं कशाला?"

कोरं होतं म्हणूनच धुवायचं. कोऱ्या कापडात खळ असते, सुटा रंग असतो, आणि सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. धुतलेल्या आणि न धुतलेल्या कापडाचे तुकडे एका चौकोनात आले की पहिल्या धुण्यातच चौकोन वेडावाकडा होतो. तांबडा, मरून, गडद निळा, काळा हे रंग वेगळे भिजवा. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमालाला रंग लागला तर पुन्हा धुवा, तरीही लागला तर ते कापड गोधडीसाठी विसरा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो या ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. आणि हे सगळं कापण्याआधी करायचं. शिवलेला सुटा चौकोन धुतला तर कडांचे धागे निघून मायाच उरत नाही.

"त्या मुलांना काय, चालतं"

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. विरलेली साडी, टिकल्या लावलेली ओढणी, जॉर्जेट, उरलेलं अस्तर, सगळं या एका वाक्याखाली पिशवीत भरलं जातं. कोपीत दाराशीच चूल असते. ठिणगी पडली तर सुती कापडही जळतं, पण पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. शंका आली तर एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो. मणी झाला तर ते कापड बाजूला ठेवा, कितीही सुंदर असो.

जुनी साडी दोन्ही हातांनी ताणून बघा. चर्र आवाज आला तर तिचं आयुष्य संपलं आहे. जरतार आणि टिकल्या लहान मुलाला टोचतात. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं, सुतीशेजारी कधीच नीट बसत नाही. जीन्स घ्यायची तर सगळी गोधडीच जीन्सची करा; पण ती वाळायला फार वेळ लागतो, म्हणून मी घेत नाही.

बाकीचं थोडक्यात. तुकडे उभ्या-आडव्या धाग्यावर कापा. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला तुकडा हातातच लांबतो. इस्त्री घासू नका, उचलून दाबा, आणि माया गडद तुकड्याकडे वळवा. इंचाला दहा-बारा टाके हवेत. लांब टाक्यांची शिवण पोरांच्या ओढाताणीत टिकत नाही. गमने चिकटवलेले चौकोन आम्ही घेत नाही. व्हिडिओ बघून एका दुपारी दहा चौकोन उरकायला निघालेल्या नव्या मुलींना माझं सांगणं एवढंच असतं की दोन करा, पण मापात करा.

तान्ह्या बाळासाठी पाठवायचं असेल तर भरणीची गोधडी नको, अंगाखाली घालायला पातळ दुपटं शिवा. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत सैल, जाड पांघरूण घालू नये असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आणि टाचण्या. शिवायला बसताना मोजून घ्या, उठताना मोजून डबीत टाका. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत पिशवी बांधू नका.