उद्यमनगरात छोटं वर्कशॉप चालवताय? पोरं तयार कशी करायची ते बघा

कोल्हापूरचं उद्यमनगर असू दे, शिरोली असू दे नाहीतर गोकुळ शिरगाव, छोट्या वर्कशॉपवाल्यांची एकच तक्रार, माणूस टिकत नाही. मला विचाराल तर खरी अडचण त्याच्या आधीची आहे. सगळं काम एका सेटरच्या (मशिनवर टूल आणि माप लावून देणाऱ्याच्या) डोक्यात असतं आणि तो एक दिवस आला नाही की दोन मशिनी गप्प. आधी हे मोडायचं, बाकीचं नंतर.

पोरगा घेताना सर्टिफिकेट बघा, पण तेवढ्यावर ठरवू नका. हातात ड्रॉइंग, एक जॉब (मशिनवरचा पार्ट) आणि व्हर्नियर (माप घ्यायची पट्टी) द्या आणि बाजूला उभं राहा. जो फटाफट आकडे सांगतो त्यापेक्षा जो "हे माप कुठनं धरायचं?" असं विचारतो तो घ्या. पगार, ओव्हरटाईम, सुट्टी, उचल किती मिळणार आणि कशी कापणार हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या, कारण निम्मी पोरं कामाला नाही तर या गोंधळाला कंटाळून जातात.

अप्रेंटिस घ्यायचा विचार जरूर करा. ४ ते २९ माणसं असतील तर सक्ती नाही पण घेता येतात, आणि केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १५०० रुपये सरकार देतं. फक्त त्याला वर्षभर झाडलोट आणि चहा आणायला लावू नका, शिकायला आलाय तो.

आता शिकवायचं कसं. पहिला आठवडा मशिनला हात नाही, फक्त माप आणि सेफ्टी. चक (जॉब पकडून फिरणारा भाग) फिरताना हातमोजे नकोत, चिप्स (कापलेल्या धातूचे तुकडे) हाताने ओढायच्या नाहीत, हूक वापरायचा, लेथच्या चकात चावी ठेवून एक सेकंदही बाजूला व्हायचं नाही. मापासाठी मी हे करतो: तयार झालेले पाच पीस घ्यायचे, मार्करनं नंबर टाकायचे, पोरानं मायक्रोमीटरनं मोजून वहीत लिहायचं, मग सेटरनं तेच पीस वही न बघता मोजायचे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. फरक आला तर बहुतेक वेळा पोरगं मायक्रोमीटरच्या टोकाचं रॅचेट (दाब जास्त झाला की घसरणारी कळ) न वापरता थिंबल (फिरवायची नळी) आवळत असतं, नाहीतर पीस पुसलेला नसतो. आणि हेही तिथंच समजावून सांगा, की आपलं साधं व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंतच दाखवतं, त्यामुळं ड्रॉइंगमध्ये टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) तेवढा असेल तर व्हर्नियरवर पीस पास करायचा नाही, मायक्रोमीटरच घ्यायचा.

नंतर पहिला पीस. सगळी मापं मोजून वहीत, खाली सही, मगच लॉट चालू. ऑफसेट (माप जमवायला मशिनमध्ये टाकायची दुरुस्ती) कधी आणि किती द्यायचा हे पोराला स्वतः ठरवू द्या, सेटर शेजारी उभा, बटण पोराचं. रिजेक्शन झालं तर चारचौघांत ओरडू नका, ओरडलं की पुढचा खराब पीस गुपचूप भंगारात जातो आणि तुम्हाला कळतच नाही.

सगळ्यात अवघड असतो जुना सेटर. आपण शिकवलं तर आपली किंमत जाईल ही भीती त्याला असते, आणि ती खोटी नाही. म्हणून एक पोरगं स्वतः सेटिंग करायला लागलं की सेटरच्या पगारात ठरलेली वाढ, हे आधीच बोलून टाका आणि शब्द पाळा. नुसतं "तू आमचा घरचा माणूस" म्हणून कुणी आपली विद्या देत नाही, द्यावी तरी का?

सुट्ट्यांवर भांडण नको. आपली पोरं करवीर, पन्हाळा, कागलच्या गावांतली, पावसाळ्यात रोप लावणीला, चैत्रात जोतिबाला, गावच्या म्हाईला (जत्रेला) जाणारच. भिंतीवर तक्ता लावा, प्रत्येक मशिनसमोर किमान दोन नावं पाहिजेत. ज्या मशिनसमोर एकच नाव आहे तिथलं ट्रेनिंग आधी.

पगार ७ तारखेच्या आत. १० माणसं झाली की ईएसआयसी (कामगार विमा), २० झाली की पीएफ, हे सल्लागाराला आधीच विचारून ठेवा.

तीनेक महिन्यांनी सेटरला मुद्दाम दोन दिवस पगारी सुट्टी द्या, फोन करायचा नाही. काम कुठं अडलं ते लिहून काढा, पुढच्या महिन्यात तेवढंच शिकवायचं.