अवकाशस्थानकाला फुगवता येणारे मॉड्यूल कसे जोडावे

फुगवता येणाऱ्या मॉड्यूलचा, म्हणजे स्थानकाला जोडायच्या खोलीवजा भागाचा, विषय निघाला की पहिली शंका कापडाच्या मजबुतीविषयी येते. शंका रास्त आहे, पण कापडाची ताकद जमिनीवर मोजता येते आणि ती मोजलेलीही आहे. कित्येक महिने घडी घालून ठेवलेले तेच कापड थंड निर्वातात, वजनरहित अवस्थेत कसे उलगडेल, हे मात्र जमिनीवर पूर्णपणे तपासता येत नाही. म्हणून पोर्टच्या (स्थानकावरील जोडणीच्या तोंडाच्या) निवडीपासून करारातील कलमांपर्यंत सगळी आखणी उलगडण्याचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून करावी. या मार्गदर्शनात मुख्य उदाहरण म्हणून बिगेलो एरोस्पेस या कंपनीने नासासाठी बांधलेले आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला जोडलेले ‘बीम’ हे मॉड्यूल घेतले आहे, कारण माणसांची वस्ती असलेल्या स्थानकावर अशा मॉड्यूलची सगळी प्रक्रिया, तीही एका अपयशी प्रयत्नासह, त्यातच पाहायला मिळते.

पोर्ट आधी, मॉड्यूल नंतर

स्थानकावर मोकळा पोर्ट सहजासहजी मिळत नाही, कारण मालवाहू आणि प्रवासी यानांनाही तेच पोर्ट लागतात. २०१५ मध्ये ‘लिओनार्डो’ हे साठवणीचे मॉड्यूल स्थानकाच्या ‘युनिटी’ या भागावरून काढून ‘ट्रँक्विलिटी’ या दुसऱ्या भागाला जोडण्यात आले, ते येणाऱ्या यानांसाठी युनिटीचा पोर्ट मोकळा करण्यासाठी. पुढे बीमला ट्रँक्विलिटीचाच मागचा पोर्ट मिळाला. पोर्ट निवडताना रोबोटिक हात तिथपर्यंत पोहोचतो का, हे तर पाहावेच, पण आराखड्यावर मॉड्यूलची फुगल्यानंतरची मापे मांडावीत. बीमची घडीतील लांबी २.१६ मीटर आणि व्यास २.३६ मीटर होता. फुगल्यावर लांबी ४.०१ मीटर आणि व्यास ३.२३ मीटर झाला. घडीच्या अवस्थेत ऐसपैस वाटणारी जागा त्यानंतर अडचणीची होऊ शकते. फिरणारी सौरपटले, उष्णता बाहेर टाकणारी पटले, कॅमेऱ्यांची दृष्टिरेषा, येणाऱ्या यानांचा मार्ग आणि त्यांच्या इंजिनांचा झोत, यांपैकी काहीही या वाढलेल्या आकाराच्या आड येता कामा नये.

कापड आणि धातूचा सांधा

‘फुगवता येणारे’ या शब्दामुळे डोळ्यांसमोर फुगा येतो आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. फुग्याचे रबर ताणले जाते. मॉड्यूलचे कापड ताणले जाऊ नये म्हणूनच निवडलेले असते. आतून पाहू गेल्यास आधी हवा अडवणारी पिशवी, तिच्यावर दाबाचा सगळा भार पेलणारा विणलेल्या पट्ट्यांचा थर, त्याबाहेर सूक्ष्म उल्का आणि अवकाशकचरा अडवणारे थर आणि सर्वांत बाहेर उष्णतारोधक आवरण, अशी साधारण रचना असते. पिशवी मुद्दाम थोडी ऐसपैस ठेवतात, म्हणजे तिच्यावर ताण येत नाही आणि सगळा भार पट्ट्यांवर जातो.

हा भार किती असतो, याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. समुद्रसपाटीइतका दाब म्हणजे सुमारे १०१ किलोपास्कल, अर्थात दर चौरस मीटरला जवळपास १० टन. याला १.६ मीटर त्रिज्येने गुणले की लांबीच्या प्रत्येक मीटरमागे परिघाच्या दिशेने सुमारे १६ टनांचा ताण येतो. व्यास ८ मीटर केला की तोच ताण ४० टनांच्या घरात जातो. मोठे मॉड्यूल म्हणजे छोट्याची वाढवलेली प्रत नव्हे, ते यामुळेच. सिएरा स्पेस या कंपनीच्या ‘लाइफ’ या मोठ्या मॉड्यूलचा पूर्णाकृती नमुना डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या मार्शल केंद्रात फुटेपर्यंत फुगवण्यात आला. व्हेक्ट्रान या मजबूत कृत्रिम धाग्याच्या पट्ट्यांचा हा नमुना ७७ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड; समुद्रसपाटीचा दाब सुमारे १४.७ पीएसआय) फुटला. कमाल वापराचा दाब १५.२ पीएसआय धरून त्याच्या चौपट, म्हणजे ६०.८ पीएसआय, इतकी अपेक्षा होती.

चौपटीचा हा नियम अवाजवी वाटू शकतो, पण तो तसा नाही. सततच्या भाराखाली धागा फार सावकाश लांबत जातो आणि अल्पकाळच्या चाचणीत सहज पेललेल्या भारानेही वर्षांनंतर तुटू शकतो. त्यामुळे पुरवठादाराकडून फुटण्याच्या चाचणीचा आकडा घेऊन समाधान मानू नये. दीर्घकाळ भार लावून केलेल्या चाचण्यांची माहिती वेगळी मागावी. दुसरी मागणी सांध्याविषयीची असावी. हॅच (हवाबंद दार), खिडकी, तारा आत नेण्याची जागा, असे जिथे जिथे धातू कापडाला भेटतो तिथे पट्ट्यांना वळण द्यावे लागते आणि भाराचे वाटप बिघडण्याची शक्यता असते. माझ्या मते प्रस्ताव वाचताना सर्वाधिक वेळ याच पानांवर खर्च करावा.

उल्काकणांबाबत कापड धातूपेक्षा कमकुवत ठरेलच असे नाही. सिरॅमिक कापडाच्या थरांमध्ये फोम ठेवून अंतर राखले की पहिल्या थरावर आदळलेल्या कणाचा चुरा होतो, तो पसरतो आणि पुढचे थर त्याला जिरवतात. अट एवढीच की उड्डाणासाठी दाबून ठेवलेला फोम कक्षेत पुन्हा पूर्ण फुलला पाहिजे.

घडी आणि उड्डाण

घडी घालताना थरांमध्ये हवा कोंडून राहू नये, नाहीतर प्रक्षेपणात बाहेरचा दाब झपाट्याने घटताना मॉड्यूल वेळेआधीच फुगू पाहते. घडी कोणत्या तारखेला घातली याची नोंद ठेवावी आणि प्रक्षेपण लांबले तर ते किती काळ चालेल, याची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी. प्रक्षेपण पुढे जाणे ही नेहमीची गोष्ट असते, पण गुंडाळून ठेवलेली गादी जशी वळकटीचाच आकार धरून बसते, तसेच कापडाचेही होते. बीम नियोजित काळापेक्षा बरेच जास्त दिवस घडीत राहिले आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

जोडणी

हा टप्पा त्या मानाने सरधोपट आहे, कारण यंत्रणा जुनी आणि सरावाची आहे. ८ एप्रिल २०१६ रोजी निघालेल्या ड्रॅगन या मालवाहू यानाच्या दाबविरहित भागातून बीम स्थानकावर पोहोचले आणि १६ एप्रिलला स्थानकाच्या कॅनडार्म-२ या रोबोटिक हाताने ते उचलून ट्रँक्विलिटीला लावले. आधी चार पकडी मॉड्यूलला जवळ ओढतात, मग १६ बोल्ट क्रमाक्रमाने आवळले जातात आणि दोन हॅचमधील छोट्या पोकळीत हवा भरून गळती तपासली जाते. ही तपासणी समाधानकारक झाल्याशिवाय तारा जोडू नयेत.

दाब भरण्याचा दिवस

या दिवसाला वेळापत्रक असावे, पण निर्णय घड्याळ पाहून घेऊ नये. दर टप्प्याला दोन आकडे शेजारीशेजारी वाचावेत: आतला दाब किती वाढला आणि मॉड्यूल किती लांबले. दोन्ही मिळून वाढत असतील तर उलगडणे सुरळीत चालले आहे. दाब चढतो आहे पण लांबी जागीच आहे, असे दिसले तर थर एकमेकांना धरून बसले आहेत आणि अडकलेली घडी एकदम सुटली तर त्या हिसक्याचा भार स्थानकाच्या सांध्यावर येईल, असे समजून झडप बंद करावी.

२६ मे २०१६ रोजी नेमके हेच घडले. बीम काही इंचच सरकले आणि दाब अपेक्षेपेक्षा वर गेला, तेव्हा नियंत्रकांनी काम थांबवले. दुसऱ्या दिवशी हवा सोडून देऊन कापडाला सैल व्हायला वेळ दिला. २८ मे रोजी स्थानकावरील अंतराळवीर जेफ विल्यम्स यांनी सुमारे सात तासांत झडप २५ वेळा उघडली, आणि या सगळ्या वेळांची बेरीज केली तर ती भरते फक्त २ मिनिटे २७ सेकंद. म्हणजे दर खेपेला सरासरी सहा सेकंद हवा आणि मग बराच वेळ नुसते निरीक्षण. उलगडताना सुटावी म्हणूनच घातलेली आतल्या पट्ट्यांची शिवण सुटताना मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज येत होता आणि तो शुभसंकेतच होता. आकार पूर्ण झाल्यावर मॉड्यूलमधल्याच आठ टाक्यांतील हवा सोडून दाब स्थानकाच्या बरोबरीला आणला. त्याला दहाएक मिनिटे लागली.

यातून उचलण्यासारखी पद्धत अशी: सुरुवातीला स्थानकाची हवा चिमटीचिमटीने द्यावी आणि टाक्यांतील साठा शेवटच्या टप्प्यासाठी राखावा. १६ घनमीटर आकारमान भरायला सुमारे १९ किलो हवा लागते. हा साठा फार मोठा नाही, पण पहिल्याच प्रयत्नात तो सोडून दिला तर माघार घेण्याची वाट बंद होते. हवा बाहेर सोडून पुन्हा सुरुवात करण्याची तरतूद प्रक्रियेत लेखी असावी, आणि अशी माघार घ्यावी लागणे हे अपयश म्हणून नोंदवू नये.

आत जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

दाब समान झाला म्हणून लगेच हॅच उघडू नये. बीमच्या बाबतीत गळतीवर काही दिवस लक्ष ठेवून ६ जून रोजी विल्यम्स आत गेले. आत थंडी होती, पण आतल्या पृष्ठभागांवर दवाचा मागमूस नव्हता. पहिल्या भेटीत हवेचे नमुने घ्यावेत आणि तापमान, किरणोत्सर्ग व कणांचे आघात मोजणारे संवेदक बसवावेत. मधले ताठ आधारही लवकर उभारावेत, म्हणजे पुढे कधी दाब गेलाच तर कापड हॅचवर कोसळणार नाही.

हवा खेळती ठेवण्याकडे विशेष लक्ष द्यावे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे काम करणाऱ्याच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड त्याच्या चेहऱ्याभोवतीच साचत राहतो. हवा नेणारी नळी हॅचमधून टाकावीच लागते, पण ती हाताने झटकन सुटणारी असावी. संकटाच्या वेळी नळी अडकल्यामुळे हॅच लागली नाही, असे होता कामा नये.

करारात काय असावे

बीमसाठी नासाने १ कोटी ७८ लाख डॉलरचा करार केला होता आणि ते दोन वर्षे वापरून स्थानकापासून सोडून द्यायचे ठरले होते. प्रत्यक्षात ते ठणठणीत राहिले आणि साठवणीची खोली म्हणून त्याचा वापर वाढवण्यात आला. मात्र मार्च २०२० मध्ये बिगेलो कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांना कमी केले, आणि पुढे मॉड्यूलची मालकी नासाकडे आली. व्यावसायिक मॉड्यूल त्याच्या कंपनीपेक्षा जास्त टिकू शकते, हे गृहीत धरून रेखाचित्रे, चाचण्यांच्या नोंदी आणि संवेदकांच्या माहितीचे हक्क स्थानकचालकाकडे कसे व केव्हा येतील, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे.

काढून टाकण्याची प्रक्रियाही त्याच कागदांत हवी. हॅच बंद करणे, आतली हवा सोडणे, बोल्ट सैल करणे, रोबोटिक हाताने मॉड्यूल दूर नेऊन सोडणे, या क्रमाची तालीम मॉड्यूल जोडण्याआधी एकदा सिम्युलेटरवर करून घ्यावी. वजनाच्या मानाने आकार मोठा असल्याने असे मॉड्यूल विरळ वातावरणाच्या घर्षणाने स्थानकापेक्षा लवकर खाली येते. सोडताना दिशा अशी ठेवावी की पुढच्या प्रदक्षिणांत ते पुन्हा स्थानकाच्या वाटेत येणार नाही.