बडी गाय ऐकायचाय? मग आधी दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर ऐका

माझ्याकडे गिटार शिकायला येणारी पोरं ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दर्दभरं संगीत) म्हटलं की क्लॅप्टन आणि हेंड्रिक्स या रॉक गिटारवाद्यांपाशी थांबतात. मी त्यांना शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय याच्याकडे पिटाळतो. हे दोघंही त्याचे चाहते. त्याला लंडनमध्ये तिघांच्या बँडसोबत वाजवताना बघितलं आणि तिथूनच क्रीम या आपल्या तिघांच्या बँडची कल्पना डोक्यात आली, असं क्लॅप्टन स्वतः सांगतो. तरी आठवडाभराने पोरं परत येतात ती तोंड वाकडं करून : "सर, नुसता गोंगाट आहे." त्यांचंही खरं आहे. ॲपवर नाव टाकलं की बहुधा १९९१ नंतरचं काहीतरी समोर येतं, आणि तिथून शिरलात तर हा माणूस सापडत नाही.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. पहिल्यांदा तो मागे बसलेला ऐका.

बडी गाय लुइझियानातल्या लेट्सवर्थचा, जन्म १९३६ चा. घरचे दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे. दाराखिडकीच्या जाळीची तार ओढून त्याने पहिलं वाद्य केलं. २५ सप्टेंबर १९५७ ला शिकागोत उतरला तेव्हा खिशात काही नव्हतं. उपाशी पोटी वाजवलं, तिथला नामांकित ब्लूज गायक मडी वॉटर्सने सँडविच खाऊ घातलं, ही गोष्ट तो आजही रंगवून सांगतो. पुढे चेस रेकॉर्ड्स या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीत शिरला. पण क्लबात तो जसा वाजवायचा तो कंपनीचा मालक लेनर्ड चेसला निव्वळ गोंधळ वाटायचा. त्यामुळे स्टुडिओत त्याला लावलं ते इतरांना साथ करायला. त्याच्या नावावर चेसने अख्खा अल्बम काढला तो थेट १९६७ मध्ये. त्या सुमारापर्यंत हा दिवसा टो-ट्रक चालवत होता!

या साथीतलं एक रत्न म्हणजे मडी वॉटर्सचा १९६४ चा 'फोक सिंगर'. विजेची गिटार नाही, अगदी मोजकी वाद्यं. रात्री घर झोपलं की हेडफोन लावा. मडीचा शब्द सुटला की बडी दोन-चार सूर ठेवतो आणि बाजूला होतो. गवय्याला जागा देणारा जाणकार पेटीवाला करतो तसंच. ज्याला 'गोंगाट' म्हणतात त्याच्याकडे किती संयम आहे हे इथं कळतं. हे न ऐकता पुढे जाऊ नका.

दुसरी रेकॉर्ड जूनियर वेल्सची, 'हूडू मॅन ब्लूज', १९६५, डेलमार्क कंपनी. गाणं आणि हार्मोनिका वेल्सची, गिटार बडीची, जोडीला फक्त बेस आणि ड्रम. चेसशी करार असल्यामुळे सुरुवातीला कव्हरवर त्याचं नाव 'फ्रेंडली चॅप' असं छापलं होतं. एकदा गाण्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून नुसती गिटार ऐका. पियानो नाही, दुसरी गिटार नाही, तरी पोकळी कुठं जाणवत नाही, कारण बडी कॉर्डचे तुकडे करून ते वेल्सच्या ओळींच्या फटीत बसवतो. मग हार्मोनिका आणि गिटारचा सवाल-जवाब ऐका. शीर्षकगीतात गिटारचा आवाज पाण्यातून आल्यासारखा हलतो. तो कुठला पेडल (पायाने चालवायचं, गिटारचा आवाज बदलणारं यंत्र) नव्हे. रेकॉर्डिंग चालू असताना अँप बिघडला आणि तो दुरुस्त होईपर्यंत गिटार हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरला जोडून काम भागवलं. माझे विद्यार्थी हा आवाज काढायला महागडे पेडल बघत बसतात, तेव्हा मी त्यांना ही हकिकत ऐकवतो.

आता त्याला पुढे येऊ द्या. १९६८ चा 'अ मॅन अँड द ब्लूज' घ्या, पियानोवर ओटिस स्पॅन. इथं एकच पथ्य : सगळ्यात मोठा आवाज कानाला सोसेल एवढ्यावर बटण ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका. बडी गाय आवाज खाली उतरवतो, तेव्हा आपला हात आपसूक बटणाकडे जातो. तो आवरा. संथ ब्लूजमध्ये, विशेषतः लाइव्ह रेकॉर्डिंगवर, तो कुजबुजीपर्यंत येतो आणि मग एकदम अंगावर येतो. आवाज सारखा करून ऐकलात तर त्याचं अर्धं वाजवणं तुम्हीच पुसून टाकलंत.

गिटार हाताशी असेल तर हेच करून बघा. ए मधला संथ बारा बारचा बॅकिंग ट्रॅक (मागे वाजणारी तयार साथ) लावा. तिसरी तार, सातवा फ्रेट, म्हणजे डी. अनामिका तारेवर, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकवा, आणि तिन्ही बोटांनी मिळून तार ई पर्यंत ढकला. जोर बोटांचा नको, मनगट फिरवा. आधी पाचव्या फ्रेटवर दुसरी तार छेडून खरा ई कानात भरून घ्या, मग तिथपर्यंत पोहोचा. जमलं की थांबा. पुढचा अख्खा बार काही वाजवू नका. हे फार अवघड जातं. मी उमेदीची वर्षं ऑर्केस्ट्रात काढली, तिथं सोलोला जेमतेम चार ओळींची जागा मिळायची आणि त्यात सगळं कोंबायची सवय लागायची. ती मोडायला मला बराच काळ गेला. पुढच्या फेरीत तोच सूर, पण गिटारचं व्हॉल्यूम तीनवर. स्ट्रॅटोकास्टरवर हे बटण करंगळीच्या टप्प्यात असतं, बडी त्याचा पुरेपूर फायदा घेतो. तिसऱ्या फेरीत दहावर. सूर एकच, वाक्यं तीन.

सत्तर-ऐंशीची दशकं भरभर ओलांडली तरी चालेल. वेल्ससोबतच्या मैफली आहेत, फ्रान्समध्ये केलेला 'स्टोन क्रेझी!' आहे, तो तिखट आहे, जरूर ऐका. बाकी ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी त्याला विचारलंही नाही.

मग १९९१. 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज', सोबत क्लॅप्टन, जेफ बेक, मार्क नॉफ्लर, आणि ग्रॅमी. पंचावन्नाव्या वर्षी माणूस जगाला 'सापडला'. मला हा अल्बम जरा चकचकीत वाटतो, पण आता तुम्हाला आतला माणूस ओळखता येईल. त्याहून मी २००१ चा 'स्वीट टी' सुचवेन. पहिलं गाणं जवळजवळ नुसत्या गिटारवर, म्हातारपणाबद्दलचं, दमलेल्या आवाजात; आणि दुसऱ्या गाण्यापासून छप्पर उडतं.

२०११ च्या फेब्रुवारीत तो मुंबईत येऊन गेला, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला. २०२३ मध्ये त्याने निरोपाचा दौरा काढला. तरी कोणी भाचा-पुतण्या शिकागोत असेल तर त्याला साउथ वॉबॅश ॲव्हेन्यूवरच्या 'बडी गाय्ज लेजंड्स'मध्ये जायला सांगा. १९८९ पासूनचा हा त्याचा स्वतःचा क्लब, आणि जानेवारीत तिथं स्वतः वाजवायचा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या दिवसांची तिकिटं आधीच काढायला सांगा, आणि वूलनचे कपडे न्यायला; जानेवारीतलं शिकागो म्हणजे गंमत नाही.