रेड हाऊस बघायला जाताय? मग आधी छताकडे बघा

विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश डिझायनरचं नाव ऐकलं नसेल तरी त्याची डिझाईन्स तुम्ही नक्की बघितलीयेत, पडद्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, दाट पानंफुलं आणि मधे पक्षी. त्याने लग्नानंतर बांधून घेतलेलं घर म्हणजे रेड हाऊस, आर्किटेक्ट त्याचा मित्र फिलिप वेब. हे लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथमध्ये आहे, ट्यूब म्हणजे लंडनची मेट्रो तिथे जात नाही, लंडन ब्रिजहून साधी ट्रेन पकडायची, लंडनमधल्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड चालतं, स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटं चालत. घर रोज उघडं नसतं, त्यामुळे हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या वेबसाइटवर दिवस बघूनच निघा प्लीज.

आत सगळीकडे वॉलपेपर असेल असं डोक्यात घेऊन जाऊ नका. मॉरिस इथे 1860 ते 1865 एवढाच राहिला, नंतर घर विकलं, त्यामुळे खोल्या तशा मोकळ्याच वाटतात, आणि बरेच लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण खरी गंमत वर आहे. जिन्यात उभं राहून छत नीट बघा, प्लास्टर ओलं असतानाच त्यात बारीक भोकं टोचून ठेवलीयेत, आपल्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, म्हणजे रंग उडाला तरी पुढचा माणूस त्याच ठिपक्यांवरून नक्षी परत रंगवू शकेल. वरच्या छतात एक छोटासा हसरा चेहरा लपलाय, तो शोधाच, मुलं बरोबर असतील तर त्यांनाच कामाला लावा.

ड्रॉइंग रूममध्ये मॉरिसचा चित्रकार मित्र बर्न-जोन्स याने भिंतीवर लग्नाची मेजवानी रंगवलीये, त्यातले नवरानवरी म्हणजे मॉरिस आणि त्याची बायको जेन. बेडरूममधलं भित्तिचित्र तर मोठ्या कपाटामागे दडलेलं होतं, 2013 मध्ये पूर्ण उजेडात आलं. लांबून ते कापडाचा पडदा टांगल्यासारखं दिसतं, जवळ गेलात की कळतं की चुण्यासुद्धा ब्रशने काढल्यात! इथे घाई करू नका, आणि तिथल्या व्हॉलंटियर्सना बिनधास्त प्रश्न विचारा.

बागेसाठी वेळ ठेवा. इथल्याच गुलाबाच्या जाळ्यांवरून त्याने 1862 मध्ये ट्रेलिस वॉलपेपर काढला, पक्षी मात्र वेबने काढून दिले. विहिरीवरचं टोकदार छप्पर पण बघून घ्या. आणि छापील कापड, वॉलपेपर भरपूर बघायचे असतील तर दुसऱ्या दिवशी वॉल्थमस्टोची विल्यम मॉरिस गॅलरी करा, ते त्याचं लहानपणीचं घर, एंट्री फ्री, ट्यूबच्या व्हिक्टोरिया लाइनने शेवटच्या स्टेशनला उतरायचं.