हवेच्या दाबावर चालणारी रूफिंग नेल गन सुरक्षितपणे कशी वापरावी

अमेरिकेत लाकडी छपरावर डांबरी शिंगल (एकमेकांवर चढवत खिळ्यांनी ठोकायचे पातळ तुकडे) बसवताना जी गोल डब्याची नेल गन (खिळे मारणारे अवजार; तारेने जोडलेल्या खिळ्यांची गुंडाळी डब्यात बसते) वापरतात, तिच्याविषयीच हा लेख आहे. गेली चौदा वर्षे मी ओहायोमध्ये स्वतःच्या घरावर, गॅरेजवर आणि मित्रमंडळींच्या शेडवर हे काम करत आलो आहे. या काळात नवशिक्यांना हमखास दिला जाणारा एक सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की, तो खोडून काढण्यासाठीच हा लेख लिहिणे मला आवश्यक वाटले. तो सल्ला असा: ट्रिगर दाबून धरा आणि गनचे नाक शिंगलवर टेकवत पुढे चला. वर्षभर रोज छपरावर चढणाऱ्या माणसाला हा सल्ला कोणी द्यावा की नाही, यावर वाद होऊ शकेल. पण सुट्टीच्या दोन दिवसांत आपल्या गॅरेजचे छप्पर घालू पाहणाऱ्याला तो देणे सरळसरळ चुकीचे आहे.

कोकणात किंवा गोव्यात घर असलेल्यांसाठी एक खुलासा आधीच करतो. तेथे लोखंडी पर्लिनवर (छपराच्या आडव्या दांड्यांवर) पत्रा बसवायचा असेल, तर तो स्क्रूनेच बसवावा. ही गन फक्त लाकडी फळ्यांसाठी किंवा प्लायवुडसारख्या तक्त्यांसाठी आहे. लोखंडावर मारलेला खिळा उसळून मारणाऱ्याकडेच परत येऊ शकतो.

तयारी

हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा) आढ्याजवळ वाशात घट्ट बसवलेल्या अँकरला अडकवलेला असावा, डोळ्यांवर आघात सोसणारा चष्मा, कानांत बोळे आणि पायांत मऊ रबरी तळव्याचे बूट असावेत, छप्पर कोरडे असावे आणि खाली अंगणात मुले नसावीत. याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

कॉम्प्रेसर, होज आणि जोड

कॉम्प्रेसर जमिनीवरच ठेवावा. ही गन फक्त दाबलेल्या हवेवर चालवायची असते. ऑक्सिजनची किंवा दुसऱ्या कोणत्याही वायूची नळकांडी तिला कधीही जोडू नये, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. होज (हवेची नळी) आढ्याजवळ एका जागी बांधून घ्यावा, म्हणजे त्याचे वजन गनला उतारावरून खाली ओढणार नाही आणि तो पायाखालीही येणार नाही. छपरावरून घसरण्याचे जे प्रसंग मी जवळून पाहिले आहेत, त्यांपैकी दोन होजवर पाय पडल्यामुळे घडले होते.

जोडाच्या बाबतीत एक चूक मात्र वारंवार दिसते. झडप असलेला कपलर नेहमी होजच्या टोकाला असावा आणि गनला फक्त उघडा प्लग असावा. त्यामुळे होज काढल्याबरोबर गनमधली हवा बाहेर निघून जाते. कोणी सोयीसाठी झडपेचा कपलर गनवरच बसवला असेल, तर होज सुटल्यावरही गनमध्ये हवा कोंडून राहते आणि ती आणखी एक खिळा मारू शकते. भाड्याने किंवा उसनी आणलेली गन हाती आली की मी सर्वांत आधी तिचा हा जोड तपासतो.

खिळे

साध्या नव्या तक्त्यासाठी सव्वा इंची, जस्ताचा लेप दिलेले खिळे पुरतात. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या नियमावलीनुसार खिळ्याचे डोके किमान तीन अष्टमांश इंच रुंद असावे लागते आणि खिळा तक्त्यात किमान पाऊण इंच शिरावा लागतो. तक्ता पाऊण इंचाहून पातळ असेल, तर खिळ्याने तो आरपार भेदला पाहिजे. बहुतेक घरांवर सात सोळांश इंचाचा तक्ता असतो, म्हणजे प्रत्येक खिळ्याचे टोक पोटमाळ्यात बाहेर येणारच. वर चढण्यापूर्वी पोटमाळ्यात जाऊन तक्त्याच्या खालच्या बाजूला चिकटून गेलेली विजेची तार तर नाही ना, हे पाहून घ्यावे. डब्याचा तळ खिळ्याच्या लांबीनुसार वरखाली करावा लागतो. तो चुकीच्या खाचेत राहिला तर खिळे वाकडे सरकतात आणि अडकतात.

ट्रिगर

गनच्या टोकाला स्प्रिंगवर मागेपुढे होणारा एक भाग असतो, त्याला येथे मी नाक म्हणतो. नाक पृष्ठभागावर दाबले गेल्याशिवाय खिळा सुटू नये, यासाठी ते असते. परंतु नाक आणि ट्रिगर यांचा परस्परसंबंध सर्व गनमध्ये सारखा नसतो, आणि अनेक अपघातांचे मूळ या फरकात आहे. क्रमाने चालणाऱ्या ट्रिगरमध्ये आधी नाक दाबावे लागते, मग ट्रिगर ओढावा लागतो, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून तोच क्रम पुन्हा करावा लागतो. स्पर्शाने चालणाऱ्या ट्रिगरमध्ये मात्र बोटाने ट्रिगर ओढून धरला की नाक जेथे जेथे टेकेल तेथे खिळा सुटतो, मग ते शिंगल असो, शिडीची पायरी असो, शेजारी बसलेल्या माणसाची पाठ असो किंवा स्वतःची मांडी असो.

माझ्या बाबतीत ती मांडीच होती. दुसऱ्या वर्षी, एका गॅरेजच्या छपरावर दुपारी तीनच्या सुमारास, एक रांग संपवून मी गुडघ्यांवर डावीकडे सरकत होतो. गन उजव्या हातात होती, बोट ट्रिगरवर तसेच आवळलेले होते, आणि तोल सावरताना गनचे नाक डाव्या मांडीला टेकले. सव्वा इंची खिळा जीन्ससकट डोक्यापर्यंत आत गेला. आवाज झाला तेव्हा खिळा तक्त्यात गेला असेच मला वाटले. वेदना त्यानंतर आली. सुदैवाने तो हाडापासून दूर राहिला. तेथेच बसून तो उपटून काढावा असे मला वाटत होते, पण माझ्याबरोबरच्या जाणत्या सुताराने माझा हात धरला. खिळा तसाच ठेवून मला खाली उतरवण्यात आले आणि रुग्णालयातच तो काढला गेला. त्याचे म्हणणे बरोबर होते: खिळ्याबरोबर गुंडाळीच्या तारेचा तुकडा आणि कपड्याचे धागे आत जातात, खिळ्याला काटे असतील तर तो उपटताना दुसरी जखम होते, आणि वरून लहान दिसणाऱ्या भोकाखाली काय दुखावले आहे हे छपरावर बसून कळत नाही. खिळा कितीही क्षुल्लक वाटला तरी डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीचीही चौकशी करावी.

ओशा आणि नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेशी संबंधित अमेरिकेच्या दोन सरकारी संस्थांनी २०११ मध्ये बांधकाम कंत्राटदारांसाठी नेल गनच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका काढली. सर्व प्रकारच्या नेल गनमुळे अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३७,००० वेळा लोकांना तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जावे लागते, असे तीत म्हटले आहे. स्पर्शाने चालणाऱ्या ट्रिगरमध्ये इजेचा धोका क्रमाने चालणाऱ्या ट्रिगरच्या दुप्पट असतो, असेही तिच्यात नमूद आहे. हे वाचूनही ज्याला वेगाचा मोह होतो, त्याच्यासमोर मी एक साधा हिशेब ठेवतो. दोन गाड्यांच्या गॅरेजचे छप्पर सात स्क्वेअर, म्हणजे सातशे चौरस फूट धरले, एका स्क्वेअरला चौसष्ट शिंगल आणि प्रत्येकी चार खिळे धरले, तर एकूण सुमारे अठराशे खिळे होतात. क्रमाने मारताना प्रत्येक खिळ्यामागे पूर्ण एक सेकंद जास्त लागतो असे मानले, तरी साऱ्या कामात अर्धा तास वाढतो. दोन दिवसांच्या कामात अर्ध्या तासासाठी मांडी, बोट किंवा डोळा पणाला लावावा, असे सांगणाऱ्याचा सल्ला ऐकू नये.

हातात आलेली गन कोणत्या प्रकारची आहे, हे ट्रिगरच्या रंगावरून किंवा देणाऱ्याच्या तोंडी खात्रीवरून ठरवू नये. डबा रिकामा करून, जमिनीवर, जाड लाकडाच्या तुकड्यावर ती तपासावी. नुसते नाक दाबले तर गन उडता कामा नये. नाक हवेत असताना नुसता ट्रिगर ओढला तरीही ती उडता कामा नये. यांपैकी एकातही ती उडाली, तर ती गन परत करावी. त्यानंतर ट्रिगर आधी ओढून धरावा आणि मग नाक लाकडावर दाबावे: उडाली, तर ती स्पर्शाने चालणारी आहे. अनेक गनवर हा प्रकार बदलण्याचे बटण असते आणि काहींसाठी क्रमाने चालणारा ट्रिगर वेगळा विकत मिळतो. तो बसवेपर्यंत मी कोणालाही छपरावर चढू देत नाही.

दुहेरी खिळ्याविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण तेथे माणूस घाबरून नेमके उलटे करतो. खिळा सुटताच गनला मागे झटका बसतो. नवशिक्याला वाटते की गन निसटेल, म्हणून तो ती अधिक जोराने खाली रेटतो. मागे उसळलेले नाक ट्रिगर ओढलेलाच असताना पुन्हा शिंगलवर आपटते आणि दुसरा खिळा पहिल्याच्या डोक्यावर किंवा त्याच्या शेजारी सुटतो. पहिल्या खिळ्यावर आदळलेला दुसरा खिळा कोणत्या दिशेने जाईल, याचा काहीही भरवसा नसतो. गन घट्ट धरावी, पण झटक्याबरोबर तिला वर येऊ द्यावे. ही सवय छपरावर लावता येत नाही. तक्त्याच्या तुकड्यावर जमिनीवर शंभरेक खिळे मारून ती आधी अंगवळणी पाडावी.

माझा नियम असा आहे: नाक शिंगलवर टेकलेले नसेल, तर बोट ट्रिगरच्या बाहेर, मुठीवर सरळ असते. सरकताना, शिंगल उचलताना, कोणाशी बोलताना, गन दुसऱ्याच्या हाती देताना, प्रत्येक वेळी. शिडीवरून गन नेऊच नये. ती होज काढून दोरीने वर घ्यावी. नाकाची स्प्रिंग तारेने बांधून ठेवलेली गन मी दोनदा पाहिली आहे. अशा गनच्या आसपासही थांबू नये.

दाब

खिळे पूर्ण बसत नसतील तर दाब १२० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंडात मोजलेला दाब) चढवा, हा दुसरा वाईट सल्ला. १२० ही बहुतेक गनची कमाल मर्यादा असते, नेहमीच्या कामाची पातळी नव्हे. दाब वाढला की झटका वाढतो आणि दुहेरी खिळ्याची शक्यताही वाढते. मी ८० पीएसआयवर सुरुवात करतो, तुकड्यावर पाच खिळे मारून पाहतो आणि बारीक फरक खिळा किती खोल जावा हे ठरवणाऱ्या गनवरच्या चकतीने करतो. खिळ्याचे डोके शिंगलच्या पृष्ठभागाशी सपाट बसावे. ते शिंगल कापून आत गेले, तर वाऱ्यात तेथेच फाटते. वर राहिले, तर वरच्या शिंगलला भोक पाडते. वर राहिलेला खिळा हातोडीने बसवावा, त्यावर पुन्हा गन टेकवू नये. उन्हाळ्यात दुपारी शिंगल मऊ पडते, त्यामुळे सकाळी बरोबर असलेला दाब दुपारी जास्त ठरतो. जेवणानंतर पुन्हा पाच खिळे तपासावेत. एकाच कॉम्प्रेसरवर दोन गन असतील, तर दुसरी गन थांबताच पहिलीचा दाब वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

उतारावर बसणे आणि मारणे

गन जमिनीशी काटकोनात धरण्याची चूक सर्वांकडून होते, कारण शरीराला तीच दिशा सरळ वाटते. गन छपराच्या पाख्याशी काटकोनात असायला हवी. तिरपी गन घसरते, आणि घसरलेल्या गनच्या वाटेत सहसा शिंगल धरणारा दुसरा हात असतो. तो हात खिळ्याच्या जागेपासून किमान एक फूट दूर ठेवावा. शिंगल सरकत असेल तर पहिला खिळा हातोडीने मारावा. हातमोज्यातून हा खिळा आरपार जातो, त्यामुळे हातमोजा घातला म्हणून हात जवळ आणू नये. वळचणीपासून आढ्याकडे काम करत जावे आणि पाठ कधीही छपराच्या कडेकडे ठेवून मागे सरकू नये. दोघे एकाच पाख्यावर असतील तर एकमेकांच्या गनच्या रेषेत बसू नये.

खिळा अडकल्यास

होज काढावा, गनमधली हवा निघाल्याचा आवाज ऐकावा, मगच झाकण उघडावे. ट्रिगर सोडला आहे म्हणून होज जोडलेलाच ठेवून नाकात पेचकस घालणाऱ्यांना मी तेथेच थांबवतो.

काम संपल्यावर

होज काढून गनच्या हवेच्या तोंडात हवेच्या अवजारांसाठीच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत, कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी काढून टाकावे आणि उरलेली गुंडाळी कोरड्या डब्यात ठेवावी. त्यानंतर अंधार पडण्याआधी वळचणीखालच्या गवतावरून चाकांचे चुंबक दोनदा फिरवावे, एकदा भिंतीला समांतर आणि एकदा आडवे, कारण एका दिशेने फिरवल्यावर गवतात उभे रुतलेले खिळे हटकून मागे राहतात.