केसपेपर बोलून लिहायचा तर असा लिहा

ओपीडी संपल्यावर रात्री केसपेपर भरत बसायचं आणि तोवर सकाळच्या कागलच्या आजींनी नेमकं काय सांगितलेलं ते डोक्यातनं गेलेलं असायचं, म्हणून मी बोलून टाइप करायला लागलो. खर्च शून्य. मोबाइलला जीबोर्डचा, म्हणजे गूगलच्या कीबोर्डचा माइक, कॉम्प्युटरला क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून कंट्रोल शिफ्ट एस.

पेशंटची तक्रार मराठीत, तपासणी इंग्रजीत. जीबोर्डला दोन्ही भाषा टाकून ठेवा, स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलता येते. 'कळ मारतीया' असलं आमच्याकडचं त्याला कळत नाही, 'पोट दुखतं' म्हणा. आणि कोल्हापुरात राजारामपुरीत रस्त्याकडंला दवाखाना म्हणजे हॉर्न आलेच, डोक्यावर पंखाही गरगरतोय, मग लॅपटॉपच्या माइकच्या भानगडीत पडू नका, कॉलरला लावायचा साधा माइक घ्या.

आता खरी गोम. मी 'नो फीवर' म्हटलं, त्यानं 'नाउ फीवर' लिहिलं! वाचलं म्हणून बरं झालं. तेव्हापासनं मी 'फीवर अ‍ॅबसेंट' म्हणतो. फिफ्टीन आणि फिफ्टी सुद्धा घोळ घालतात, त्यामुळं डोस 'वन फाइव्ह एमजी' असा सुटा बोलायचा. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) तर बोलूच नका, ऐकायला सारखेच वाटतात, सरळ बीपी लो, शुगर हाय. डोस, अ‍ॅलर्जी, डावं-उजवं एवढं डोळ्यानं तपासल्याशिवाय सेव्ह करायचं नाही, कितीही गर्दी असू दे. प्रिस्क्रिप्शन मी अजून हातानंच लिहितो, औषधांच्या नावांवर माझा त्या माइकवर भरवसा नाही.

बोललेलं बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवर जातं, म्हणून नाव-गाव न बोलता ओपीडी नंबर बोला, आणि डॉक्सचं अकाउंट रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर उघडं टाकू नका. पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे, तेव्हा तारीखवार फोल्डर केलेले बरे.

बोलायचं कधी? पेशंट समोर असतानाच, पण आधी सांगून, नाहीतर त्याला वाटतं डॉक्टर फोनवर बोलत बसलाय. परवा मी 'उजवा गुडघा, सूज' म्हटलं तर मावशी लगेच, "उजवा न्हवं ओ डॉक्टर, डावा!"