नोकरी सांभाळून कादंबरी लिहायची तर

कादंबरी लिहिण्याची इच्छा असलेली बहुतेक माणसे वेळ नाही म्हणून थांबलेली असतात. मुंबईत ही तक्रार खोटी म्हणता येत नाही, कारण सकाळी आठच्या लोकलने निघून रात्री आठला घरी पोचणाऱ्याच्या हाती दिवसाचे फारसे काही उरत नाही. तरीही भांडुपच्या दोन खोल्यांच्या घरातून फोर्टमधल्या कचेरीत जात-येत मी अठरा वर्षांत तीन कादंबऱ्या पूर्ण केल्या, आणि त्या अनुभवावरून सांगते की कादंबरीला सर्वांत जास्त गरज असते ती रोजच्या सहवासाची. आठ दिवस तिच्याकडे फिरकले नाही, तर पात्रे परक्यासारखी वागू लागतात आणि त्यांची पुन्हा ओळख करून घेण्यात पुढचे आठ दिवस जातात.

म्हणून पहिली गोष्ट अशी करावी की लेखनाची वेळ घरातल्या एखाद्या न टळणाऱ्या गोष्टीला बांधून टाकावी. आमच्या इमारतीत नळाला पाणी साडेपाचला येते. मी पावणेपाचला उठते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडते, आणि नळातून आधी हवेचा फुसकारा, मग दोन-तीन उचक्या आणि शेवटी पिंपात पडणाऱ्या धारेचा आवाज येईपर्यंत लिहिते. धार सुरू झाली की वाक्य अर्धे असले तरी पेन खाली ठेवावे लागते. सुरुवातीची काही वर्षे मला याचा फार त्रास व्हायचा. पुढे लक्षात आले की अर्धे राहिलेले वाक्य दुसऱ्या दिवशी आपणहून हात धरून पुढे नेते, तर प्रकरण संपवून उठले की दुसरी सकाळ कोऱ्या पानाकडे पाहण्यात जाते. तेव्हापासून पाणी उशिरा आले तरी मी मुद्दाम मध्येच थांबते. ही सवय ज्याने त्याने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

पाऊण तासात तीनशे शब्द होतात. वर्षातून तीनशे दिवस बसले तर नव्वद हजार शब्द होतात, म्हणजे एका मध्यम आकाराच्या कादंबरीचा पहिला खर्डा. सणवार, आजारपण, पाहुणे यांसाठी पासष्ट दिवस सोडूनच हा हिशेब आहे. खंड पडलाच, तर परतल्यावर नवे काही लिहू नये. शेवटचा परिच्छेद हाताने पुन्हा उतरवून काढावा. त्या परिच्छेदाची लय बोटांत परत आली की पुढचे वाक्य सुचते.

रोजच्या मर्यादेत लिहिल्याने साहित्याचा दर्जा घसरतो, असे मानणारे अनेक जण भेटतात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या. अंकाची तारीख डोक्यावर असताना मराठी कादंबरीचा पाया घातला गेला, हे ध्यानात ठेवलेले बरे.

लोकलमध्ये मी लिहीत नाही, तिथे ऐकते. एकदा संध्याकाळच्या गाडीत माझ्यासमोर एक बाई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होत्या, आणि निवडता निवडता मैत्रिणीला म्हणाल्या, “घर विकलं गं, पण एक किल्ली अजून माझ्याकडेच आहे.” मैत्रीण काही बोलली नाही, तिने फक्त मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढून घेतली. माझी दुसरी कादंबरी त्या किल्लीतून निघाली. असे काही कानावर पडले की त्याच दिवशी छोट्या वहीत जसेच्या तसे उतरवावे, त्यातला ‘गं’ आणि ‘अजून’देखील वगळू नये. ‘घर सुटल्याचे दुःख’ अशी नोंद केली तर महिन्याभराने तिच्यातून काहीच हाती लागत नाही. अर्थात त्या माणसाची ओळख पटेल असा तपशील कादंबरीत कधीही येऊ देऊ नये.

तपशिलाची खातरजमा हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, आणि माझी सर्वांत मोठी चूकही तिथलीच. २६ जुलै २००५ च्या पावसावर मी एक प्रकरण लिहिले होते. त्यात कुलाब्यातला एक कारकून कचेरीच्या दारातच कंबरभर पाण्यात अडकतो. नंतर नोंदी पाहिल्या, तर सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला असताना कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. तीस पाने बाद झाली. पण पुन्हा लिहिताना तोच कारकून साध्या पावसात छत्री उघडून, बायकोसाठी वेफर्सचे पाकीट घेऊन निश्चिंतपणे निघाला, आणि तिकडे कुर्ल्याला मिठी नदीचे पाणी त्याच्या तळमजल्यावरच्या घरात शिरले होते. त्याला हे ठाऊक नाही आणि वाचकाला ठाऊक आहे, एवढ्या एका गोष्टीने प्रकरण उभे राहिले. ही कल्पना मला टेबलाशी बसून सुचली नसती.

जुन्या मुंबईवर लिहिणाऱ्याने तर अधिकच सावध असावे. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली (तरी लोक पुढे कितीतरी वर्षे ‘चार आणे’च म्हणत राहिले), आणि व्हीटीचे नाव १९९६ मध्ये बदलले. अशा कामासाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठावे. ही संस्था १८९८ पासूनची आहे. जुनी वर्तमानपत्रे कुठेही चाळायला मिळाली, तर ठळक बातम्यांपेक्षा छोट्या जाहिराती आधी वाचाव्यात. खोलीची पागडी, शिवणयंत्राची किंमत, ‘मुलगी मॅट्रिक पास, गृहकृत्यदक्ष’ या ओळींत त्या काळचे घर दिसते.

पात्रांची वये, पत्ते, नातीगोती यांसाठी वेगळी वही ठेवावी, एवढे पुरे.

खर्डा पूर्ण झाला की तो दोन महिने कपाटात ठेवावा. त्या दिवसांतही ठरलेल्या वेळी उठावे आणि वाचन करावे, म्हणजे बैठक मोडत नाही. मग सगळी कादंबरी मोठ्याने वाचावी. मी रविवारी दुपारी सासूबाईंना वाचून दाखवते. त्या तांदूळ निवडत ऐकतात, आणि ज्या जागी त्यांचा हात थांबतो ती जागा मी तशीच ठेवते. वाचताना माझी जीभ जिथे अडखळते तिथे समासात पेन्सिलने उभी रेघ ओढते. सोमवारी पहाटे, नळाला पाणी येण्याआधी, सुरुवात त्या रेघांपासून होते.